‘किती दिवस लागतील?’ असं मॅनेजरने विचारलं, तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातली सर्व्हिस कंपनी, सहा जणांची टीम, क्लायंट अमेरिकेतला. मॅनेजर स्टँडअपमध्ये (टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये) सगळ्यांदेखत विचारतात, “हे किती दिवसांत होईल?” तोंडातून “दोन दिवस” निघून जातं आणि काम तीन आठवड्यांनी लाइव्ह होतं. जास्त सांगावं तर “एवढं काय आहे त्यात?” म्हणत आकडा निम्मा केला जातो. ताजं निमित्त आहे विक्रीच्या रिपोर्टवर ‘एक्सेलमध्ये डाउनलोड’ असं बटण देण्याचं. मॅनेजरशी वाकडं न घेता खरा वेळ कसा सांगायचा?

आधी त्या बटणाचंच पाहू, कारण घोडं कुठे पेंड खातं ते त्यातच दिसतं.

“दोन दिवस” हा आकडा तसा खोटा नसतो. तो कोड लिहिण्याचा असतो. आपल्याच लॅपटॉपवर, टेस्ट डेटाच्या पन्नास ओळींवर चालेल एवढ्या कोडचा. मॅनेजरला मात्र ऐकू येतं की परवा क्लायंटच्या माणसाला बटण दाबता येईल. यांतलं अंतर कागदावर मांडलं नाही, तर ते तुमच्या नावावर उशीर म्हणून जमा होतं. म्हणून काम कुठे संपतं ते आधी ठरवा: प्रॉडक्शनवर, म्हणजे क्लायंट खरोखर वापरतो त्या सिस्टिमवर गेलं, खऱ्या वापरकर्त्याने फाइल उघडली आणि ती बरोबर निघाली, की संपलं. तिथून मागे येत तुकडे पाडा. एखाद्या तुकड्याला आठ तासांहून जास्त लागतील असं वाटलं, तर तो तुकडा तुम्हाला अजून नीट कळलेला नाही. तो पुन्हा फोडा.

या बटणाचे तुकडे साधारण असे पडतील. तास फक्त डेव्हलपरचे आहेत:

– कोणते कॉलम, स्क्रीनवरचे फिल्टर फाइललाही लागू का, कुणाला डाउनलोड करता येणार, हे ठरवून घेणं: २
– मूळ कोड: ६
– फाइल मोठी असेल तर ती मागच्या बाजूला तयार करून लिंक मेल करणं: ७
– अधिकार आणि कुणी काय डाउनलोड केलं त्याची नोंद: २
– तारखा, क्रमांक, देवनागरी नावं नीट उतरवणं: ३
– युनिट टेस्ट (कोडचा एकेक भाग तपासणाऱ्या छोट्या चाचण्या): ३
– रिव्ह्यूमधल्या (सहकाऱ्याने कोड तपासून सुचवलेल्या) दुरुस्त्या: २
– क्यूएला (टेस्टिंग करणाऱ्यांना) समजावणं आणि त्यांनी काढलेले बग: ५
– डिप्लॉयमेंट (प्रॉडक्शनवर चढवणं), रिलीज नोट, पहिल्या दिवशी लक्ष ठेवणं: २

बेरीज ३२ तास. त्यातले ६ तास म्हणजे तुम्ही स्टँडअपमध्ये सांगितलेलं काम.

तारखा आणि क्रमांकांना तीन तास कशाला, असं विचारलं जाईलच. सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साध्या मजकुराची) फाइलच्या सुरुवातीला बीओएम या खुणेचे तीन बाइट टाकले नाहीत, तर डबल-क्लिक करून उघडताना एक्सेल बऱ्याचदा यूटीएफ-८ (देवनागरीही साठवणारी अक्षरांची पद्धत) ओळखत नाही आणि ‘कुलकर्णी’च्या जागी चित्रविचित्र अक्षरांची रांग येते. शून्याने सुरू होणाऱ्या ग्राहक क्रमांकाला एक्सेल संख्या समजतं आणि पुढचं शून्य खाऊन टाकतं. बारा अंकी क्रमांक घातांकाच्या रूपात दिसू लागतो. सोळा अंकी असेल तर शेवटचा अंक चक्क शून्य होतो, कारण संख्येचे पंधराच अंक एक्सेल अचूक धरतं. ०५/०७ ही तारीख पुण्यातल्या लॅपटॉपवर ५ जुलै असते, न्यूयॉर्कच्या लॅपटॉपवर ७ मे. एखाद्या ग्राहकाच्या नावाच्या रकान्यात ‘=’ ने सुरू होणारा मजकूर आला तर एक्सेल तो सूत्र म्हणून चालवायला जातं, आणि सिक्युरिटी टीम फाइल परत पाठवते.

सात तासांच्या तुकड्याचंही असंच आहे. तीन वर्षांची विक्री मागितली, फाइल बनायला दीड मिनिट लागलं आणि मधल्या सर्व्हरची वाट पाहण्याची मर्यादा ६० सेकंदांची असली (एनजिनएक्स या वेब सर्व्हरची मुळातली सेटिंग तेवढीच असते), की वापरकर्त्याला फक्त एरर दिसते. शिवाय एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळींच्या पुढे जागाच नसते. यातली एकही गोष्ट अवघड नाही. पण प्रत्येकीला अर्धा-एक तास जातो, आणि “एवढं काय आहे त्यात?” याला ही यादी सोडून दुसरं चांगलं उत्तर नाही. “सर, कॉम्प्लेक्स आहे” हे उत्तर तर मुळीच देऊ नका. ते ऐकून ऐकून मॅनेजर लोकांचे कान किटलेले असतात.

आता तासांचे दिवस करायचे. ३२ भागिले ८, म्हणजे चार दिवस, ही जवळपास सगळ्यांची सवय आहे आणि तीच नडते. नेमून दिलेल्या कामावर तुमचे दिवसाला खरे किती तास जातात ते दोन आठवडे मोजा. त्यासाठी टायमर लावायची गरज नाही. जेवायला उठताना आणि घरी निघताना एक आकडा वहीत लिहिला तरी पुरतो. स्टँडअप, दुसऱ्याच्या कोडचा रिव्ह्यू, प्रॉडक्शनवरचं तिकीट, ज्युनियरचं अडलेलं, संध्याकाळचा क्लायंट कॉल, कॉलआधीची तयारी, एचआरचं ट्रेनिंग हे सगळं वजा केलं की चार-पाच तास उरतात. सपोर्टची पाळी असलेल्या आठवड्यात दोनही उरत नाहीत. चार धरले तर ३२ तासांचे आठ दिवस झाले.

हे आठ दिवस फक्त तुमच्या हातातले. यात वाट पाहण्याचे दिवस मिळवायचे: रिव्ह्यूसाठी एक, क्यूएची रांग आणि तपासणी मिळून तीन, क्लायंटकडच्या यूएटीचे (क्लायंटने स्वतः वापरून तपासण्याचे) दोन, आणि रिलीज ठरावीक वारीच होत असेल तर त्याचा सरासरी एक. हे सात झाले. आठ आणि सात पंधरा, म्हणजे बरोबर तीन आठवडे. म्हणजे उशीर कुणीच केलेला नाही. काम पहिल्यापासूनच तीन आठवड्यांचं होतं, फक्त कुणी मोजलं नव्हतं.

मॅनेजरशी बोलताना हे आठ आणि सात वेगळे दाखवाच. आठ कमी करायचे तर कामच कमी करावं लागतं. सात कमी करणं मात्र बरंचसं मॅनेजरच्या हातात असतं: क्यूएचा माणूस आधी राखून ठेवणं, यूएटीसाठी क्लायंटकडचं नाव आणि तारीख मिळवणं, रिव्ह्यूअरला दोन तास मोकळे करून देणं. एकच गोळाबेरीज आकडा दिला तर मॅनेजरला दाबायला तुमच्याशिवाय दुसरं काही सापडत नाही.

टाइमझोनचा हिशेबही इथेच येतो. पुणे न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असतं. सकाळी अकराला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लवकरात लवकर संध्याकाळी साडेसहा-साडेसातनंतर येणार, म्हणजे कामाला दुसऱ्या दिवशी लागणार. प्रश्न एकेक करून पाच विचारले की पाच दिवस गेले. म्हणून ते दोन तासांचं ‘ठरवून घेणं’ पहिल्याच दिवशी करा आणि सगळे प्रश्न एकाच मेलमध्ये पाठवा. प्रत्येकाखाली “उत्तर आलं नाही तर आम्ही असं धरू” अशी ओळ टाका. ही ओळ टाकली की बऱ्याच प्रश्नांवरचं थांबणं संपतं.

रांगेमागचं गणितही मॅनेजरच्या कानावर घालण्यासारखं आहे. कामं आपापल्या वेळी, अनियमित येत असतील आणि माणूस एकच असेल, तर सरासरी वाट पाहण्याचा वेळ हा कामाच्या वेळाच्या किती पट असतो याचं साधं सूत्र आहे: व्यग्रता भागिले (१ वजा व्यग्रता). व्यग्रता म्हणजे त्या माणसाच्या वेळाचा किती भाग कामात जातो ते. क्यूए निम्मा वेळ व्यग्र असेल तर १ पट, ८० टक्के असेल तर ४ पट, ९० टक्के असेल तर ९ पट. अर्ध्या दिवसाच्या तपासणीसाठी साडेचार दिवस थांबावं लागतं ते यामुळे. सगळ्यांना शंभर टक्के ‘युटिलाइज’ केलेली टीम कागदावर छान दिसते, पण तिच्यात कोणतंही काम वेळेवर बाहेर पडत नाही.

तसंच एकाच माणसाला एकाच वेळी तीन कामं देण्याचं. प्रत्येकी पाच दिवसांची तीन कामं एकामागून एक केली तर ५, १० आणि १५ व्या दिवशी संपतात. रोज एकेक असं आलटून पालटून केलं तर १३, १४ आणि १५ व्या दिवशी. शेवटचं काम लवकर झालं नाही आणि पहिलं आठ दिवस लांबलं, तेही एका कामातून दुसऱ्यात डोकं घालण्यात गेलेला वेळ न धरता. मॅनेजरला एवढंच विचारा: “सर, यातलं पहिलं कोणतं?” “तिन्ही अर्जंट आहेत” असं उत्तर आलं तर तुम्ही स्वतः क्रम लावा, मेलवर कळवा आणि त्या क्रमाने कामाला लागा. हरकत असेल तर ती पहिल्या दिवशीच येईल, आणि तशी आलेली केव्हाही बरी.

स्टँडअपमध्ये काय बोलायचं

आकडा बोलायचा नाही. मॅनेजर कितीही हसून “अंदाजे सांग रे, कुणी धरून बसत नाही” म्हणोत. मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की आणि कानेमन यांनी १९७४ मध्येच दाखवलं होतं की कानावर पडलेल्या पहिल्या आकड्याभोवतीच माणसाचे पुढचे अंदाज घोटाळत राहतात. शिवाय तो अंदाज पाच मिनिटांत एक्सेल शीटमध्ये जातो आणि संध्याकाळच्या कॉलवर त्याची तारीख झालेली असते. “बघून सांगतो” हेही पुरत नाही, ते टाळाटाळ वाटतं. आकडा कधी मिळेल त्याची वेळ द्या: “आज पाचपर्यंत तुकडे पाडून मेल करतो.” आणि पाचला मेल गेलाच पाहिजे. तारखेच्या बाबतीत तुमची पत इथूनच तयार व्हायला लागते.

क्लायंट कॉलवर मॅनेजरांनीच “शुक्रवारी देतोय ना?” असं विचारलं तर? सगळ्यांसमोर “नाही सर” म्हणणं आपल्याकडे फार जणांना जमत नाही, आणि जमलं तरी मॅनेजरला तोंडघशी पाडल्यासारखं होतं. “शुक्रवारी काय देता येईल ते आजच्या मेलमध्ये लिहितो” असं म्हणा. हे खोटंही नाही आणि होकारही नाही. कॉल संपल्यावर दहा मिनिटांत मॅनेजरांना एकट्याला फोन करा.

जमत असेल तर आधी विचारा की तारीख कशासाठी हवी आहे. क्लायंटच्या त्रैमासिक मीटिंगमध्ये दाखवायचं असेल तर डेमो पुरेल आणि यूएटी नंतर होऊ शकेल. ३१ मार्चच्या हिशेबासाठी खरोखर वापरायचं असेल तर तारीख हलणार नाही, पण काम छाटता येईल. नुसतं वरच्यांच्या स्टेटस रिपोर्टमध्ये भरायचं असेल, तर कोणतीही प्रामाणिक तारीख चालते. तीन वेगळी उत्तरं आणि तीन वेगळे आकडे, पण प्रश्न मात्र एकच ऐकू येतो: “किती दिवस?”

एकच आकडा का देऊ नये

अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी १९५८ मध्ये ‘पर्ट’ नावाची पद्धत तयार झाली. तिच्यातलं सूत्र अजून कामाचं आहे: सगळं सुरळीत गेलं तर लागणारे तास, अधिक बहुधा लागतील त्या तासांच्या चौपट, अधिक सगळं बिनसलं तर लागणारे तास, या बेरजेला ६ ने भागायचं. आपल्या बटणासाठी २४, ३२ आणि ५८ धरू. २४ अधिक १२८ अधिक ५८ म्हणजे २१०, भागिले ६, उत्तर ३५. सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगल्या आकड्यांतल्या फरकालाही ६ ने भागायचं. ३४ चे जवळजवळ ६ येतात. ३५ मध्ये ते मिळवले की ४१. वाईट आकडा प्रामाणिकपणे धरला असेल तर ढोबळमानाने सहापैकी पाच वेळा काम ४१ तासांत बसतं.

प्रामाणिकपणे धरणं हीच यातली अवघड गोष्ट. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो कधी पूर्ण होईल असं विचारलं. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. “सगळं शक्य तितकं बिनसलं तर?” यावर उत्तर आलं ४९. प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त. थोडक्यात, आपण कल्पिलेलं वाईटसुद्धा पुरेसं वाईट नसतं. त्यामुळे ५८ च्या पुढे कारणं लिहा: लायब्ररी जुन्या व्हर्जनवर चालली नाही, मेल सर्व्हरची परवानगी अडली, यूएटीत कॉलम बदलले. कारण सुचत नसेल तर आकडा अजून लहान आहे.

याहून भरवशाची गोष्ट म्हणजे स्वतःचा इतिहास. झालेली शेवटची दहा कामं काढा, प्रत्यक्ष तासांना सांगितलेल्या तासांनी भागा आणि चढत्या क्रमाने मांडा. समजा असं निघालं: १, १.१, १.१, १.३, १.४, १.५, १.७, १.९, २.४, ४. आठवा आकडा १.९. याचा अर्थ, तुमच्या मनातल्या पहिल्या अंदाजाला जवळजवळ दुप्पट केलं की दहातली आठ कामं वेळेत बसतात. शेवटचा ४ ‘अपवाद’ म्हणून खोडू नका. असे अपवाद दर काही महिन्यांनी येतात, आणि बहुतेक वेळा बाहेरच्या कंपनीचा एपीआय (तिच्या सॉफ्टवेअरला जोडणारा दुवा), लॉगिन किंवा सर्टिफिकेट मिळण्यात अडकलेले असतात. तसं काही कामात दिसलं की ते वेगळी ओळ करून लिहा: “क्रेडेन्शियल्स मिळाल्यापासून सहा दिवस.” घड्याळ कधी सुरू होतं ते तुमच्या हातात नसेल तर शेवटाची तारीख देऊच नका.

काम अगदीच अंधारातलं असेल, कधी न वापरलेलं तंत्रज्ञान किंवा मूळ लिहिणारा सोडून गेलेला कोड, तर अंदाजासाठी वेळ मागा. एक किंवा दोन दिवस, त्याहून जास्त नाही, आणि ठरावीक प्रश्नांसाठी: “दोन लाख ओळी किती सेकंदांत निघतात?”, “आहे ती मेल सर्व्हिस वापरता येते का?” टीममध्ये याला स्पाइक म्हणतात. ‘अभ्यास करतो’ असं म्हणून मागितलेले दोन दिवस मिळत नाहीत. दोन प्रश्नांची उत्तरं आणतो म्हटलं तर बहुतेक वेळा मिळतात. स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराला टीमने दिलेले गुण) मात्र टीमच्या आत ठेवा. तारीख हवी असलेल्या मॅनेजरला पॉइंट सांगितले की तो मनातल्या मनात एक पॉइंट म्हणजे एक दिवस धरतो.

हे सगळं जमलं की मेल साधारण असा होतो:

“सर, एक्सेल डाउनलोडचं काम पाहिलं. माझे ३५ ते ४१ तास, म्हणजे ९ ते ११ दिवस. रिव्ह्यू, क्यूए, यूएटी आणि गुरुवारचा रिलीज धरून एकूण १६ ते १८ कामाचे दिवस. यात तीन गोष्टी गृहीत आहेत: कॉलमची यादी बुधवारपर्यंत फायनल, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी क्यूएचा एक जण मोकळा, आणि या काळात मला सपोर्टची पाळी नाही. सगळ्यात मोठी शंका मोठ्या फाइलची आहे. ती सोमवारपर्यंत तपासून आकडा पक्का करतो. १२ दिवसांत हवं असेल तर काय कमी करता येईल ते खाली लिहिलं आहे.”

मॅनेजरना हा मेल जसाच्या तसा वर पाठवता आला पाहिजे. त्यांच्याही डोक्यावर अकाउंट मॅनेजर आणि क्लायंट बसलेला असतो. तिकडे सांगायला दोन वाक्यं हाताशी असली की ते तुमची बाजू मांडतात. नसली की “टीम म्हणतेय वेळ लागेल” एवढंच म्हणतात, आणि त्यात वजन नसतं.

आकडा निम्मा केला जातो तेव्हा

फुगवून सांगायचं, समोरच्याने कापायचं, पुढच्या वेळी आणखी फुगवायचं: हा मंडईतला भाव झाला, आणि मॅनेजर या खेळात तुमच्यापेक्षा मुरलेले असतात. यातून बाहेर पडायचं तर आकड्यावर घासाघीस करू द्यायची नाही, यादीवर करू द्यायची. “१६ जास्त होतात, १२ मध्ये बसव” असं आलं तर तुकड्यांची यादी पुढे करा आणि छाटणीचा पर्याय स्वतःच ठेवा. डाउनलोड २०,००० ओळींपुरतं ठेवू, जास्त असतील तर “कालावधी कमी करा” असा संदेश दाखवू. मग मागच्या बाजूचं ७ तासांचं काम गेलं, त्याच्या टेस्ट आणि बगचे ४ गेले. ३५ मधून ११ वजा, उरले २४, म्हणजे सहा दिवस. वाट पाहण्याचे सात धरून १३. क्यूएच्या शेवटच्या दिवशीच यूएटी सुरू करून दिली तर १२. शेवटची अट मॅनेजरनी पाळायची आहे, हे त्याच ओळीत लिहा.

तीन गोष्टी मात्र छाटणीत देऊ नका. “टेस्टिंग नंतर करू”: ते नंतर होतं खरं, पण क्लायंटच्या स्क्रीनवर. “शनिवार-रविवार बसू”: एकदा, ठरलेल्या कारणासाठी ठीक आहे, तिसऱ्या आठवड्यापासून तो पुढच्या अंदाजात गृहीत धरला जातो. आणि “आणखी दोन माणसं देतो”: उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये मांडलं आणि कारणही साधं आहे. चौघांमध्ये बोलण्याच्या जोड्या ६ होतात, आठ जणांमध्ये २८. शिवाय नव्या माणसाला शिकवायला तुमचेच तास जातात. माणसं घ्यायचीच असतील तर तुमची सपोर्टची पाळी आणि रिव्ह्यू त्यांच्याकडे द्या. तिथे लगेच फायदा होतो.

हल्ली “एआय आहे ना, आता निम्म्या वेळात व्हायला हवं” हेही ऐकावं लागतं. वाद घालू नका, यादी काढा. एआयमुळे मूळ कोडचे ६ तास ३ होतील, टेस्टमधलाही एखादा तास वाचेल. ३२ चे २८ झाले. यूएटी, क्यूएची रांग आणि गुरुवारचा रिलीज जिथल्या तिथे आहेत. वाचलेले चार तास मान्य करा, आनंदाने करा. बाकीचे २८ मग आपोआप मान्य होतात.

कधी कधी सेल्सने तारीख आधीच विकलेली असते, किमतीसकट. तिथे तारखेवर भांडण्यात अर्थ नाही. उलटा हिशेब करा: त्या तारखेला इतके कामाचे दिवस आहेत, सुट्ट्या, गणपतीत कोकणात जाणारे दोघं आणि नोटीस पीरियडवर असलेला एक जण वजा केला की इतके तास उरतात, त्यात यादीतल्या पहिल्या सात गोष्टी बसतात, आठवीपासून बसत नाहीत. क्लायंट अमेरिकेतला रिटेलवाला असेल तर थँक्सगिव्हिंगपासून नववर्षापर्यंत प्रॉडक्शनला बऱ्याचदा हात लावू देत नाहीत, हेही कॅलेंडरवर आधीच मांडून ठेवा. नोव्हेंबरची तारीख हुकली तर ती थेट जानेवारीत जाते, आठवडाभराने नाही.

काम सुरू झाल्यावर

अंदाज एकदा देऊन गप्प बसायचं नाही. ठरलेल्या वेळाचा एक तृतीयांश भाग गेला की उरलेल्या तुकड्यांचे तास पुन्हा मांडा. आपल्या बटणाच्या बाबतीत ही वेळ पाचव्या-सहाव्या दिवशी येते, म्हणजे मॅनेजरकडे अजून काहीतरी हलवायला दहा दिवस असतात.

“किती झालं?” याला टक्क्यांत उत्तर देऊ नका. पहिल्या ९० टक्के कोडला ९० टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या १० टक्क्यांना आणखी ९० टक्के, हा बेल लॅब्जच्या टॉम कारगिल यांच्या नावावरचा टोमणा उगाच टिकलेला नाही. “नऊपैकी पाच तुकडे संपले, १४ तास उरलेत, मोठ्या फाइलचा प्रश्न सुटला” असं सांगा. अर्धवट तुकडा शून्य धरायचा. असं धरलं की स्वतःचीही फसगत होत नाही.

तारीख हुकणार हे मंगळवारी कळलं तर मंगळवारीच सांगा, शुक्रवारी दुपारी चारला नाही. त्या मेलमध्ये चारच गोष्टी असाव्यात: काय झालं, नवी तारीख, ती कशावर अवलंबून आहे, आणि जुन्या तारखेला काय देता येईल. नवी तारीख ऐसपैस घ्या. एकदा चार दिवस लांबवलेलं काम लोक विसरतात; चार वेळा एकेक दिवस “उद्या नक्की” म्हणत लांबवलेलं कुणी विसरत नाही, आणि त्यानंतर तुमच्या बरोबर असलेल्या आकड्यावरही विश्वास बसत नाही.

एवढं करूनही मॅनेजर आपलाच आकडा प्लॅनमध्ये टाकत असतील, तर निदान दोन्ही आकडे जिवंत राहू द्या. जिरामध्ये (कामांची नोंद ठेवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘ओरिजिनल एस्टिमेट’ आणि ‘ड्यू डेट’ असे वेगळे रकाने असतातच. पहिल्यात तुमचे ३५ तास, दुसऱ्यात त्यांनी ठरवलेली तारीख. काम चालू असताना बदलायचे ते ‘रिमेनिंग’मधले तास; ओरिजिनलला हात लावायचा नाही, कुणी सांगितलं तरी. तीन महिन्यांत अशी पंधरा-वीस कामं जमली की यादी काढा आणि अप्रेझलच्या आधी, एकट्यात, मॅनेजरसमोर ठेवा. कोणता आकडा किती वेळा बरोबर आला ते त्या कागदावर असतंच, तुम्ही बोलून दाखवायची गरज नसते. बोलायचं ते पुढच्या तीन महिन्यांबद्दल: क्यूएची रांग कशी कमी करायची आणि सपोर्टची पाळी कुणाकडे द्यायची.